खेळांतील प्रवास आणि खानदेशची वाट

सुटीच्या दिवशीं दुपारीं चार-पांच मित्र एका मेजाभोंवतीं बसतात. मेजावर एक कोरा कागद, कांहीं पेन्सिली, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे निरनिराळे फांसे आणि एक जाडजूड नियमपुस्तक असतें. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी वैद्य, कोणी मंत्रविद्या शिकलेला, कोणी चोरवाटा जाणणारा. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळगडी आपापलें पात्र काय करील तें सांगतात, आणि जेथें फळ अनिश्चित असेल तेथें फांसा टाकून निकाल लावतात. ठरलेला पट नाहीं, सोंगट्या असल्या तर केवळ सोयीसाठीं, आणि शेवटीं कोणी जिंकला, कोणी हरला असेंही नाहीं. इंग्रजींत ह्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठींत भूमिका-खेळ म्हणतां येईल. कीर्तनांतील आख्यान, लळितांतील सोंगें आणि सारीपाटांतील फांसे हीं एकत्र आणलीं तर जें होईल तें बरेंचसें ह्या खेळासारखें असेल.

हा खेळ छापील स्वरूपांत प्रथम अमेरिकेंत इ. स. १९७४ सालीं निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. भुयारें आणि त्यांत राहणारे आग ओकणारे महासर्प, असा त्या नांवाचा आशय. त्यावरूनच कर्त्यांचा ओढा कोणीकडे होता तें कळतें. भुयारांत कसें वागावें ह्याचे नियम त्यांनीं बारकाईनें लिहिले. परंतु त्या भुयारापर्यंत पोंचावयाचें तर वाटेंत जें रान, जी नदी, जो घाट लागतो त्यासाठीं त्यांनीं एक गमतीची सोय केली. १९७२ सालीं दुसऱ्याच एका कंपनीनें रानांत तग धरून राहण्याचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नांवाचा पटखेळ काढला होता; तो आणावा आणि त्याच्या पटावर प्रवास करावा, असें ह्या नव्या पुस्तकांत सुचविलें होतें. पटावर षट्कोनी घरें. एक घर म्हणजे सुमारें पांच मैल, एक खेळी म्हणजे एक दिवस. दिवसाच्या आरंभीं वाट चुकते कीं काय हें पाहण्यासाठीं फांसा टाकावयाचा. मोकळ्या मैदानांत सहांपैकीं एकच आंकडा वाईट, दलदलींत किंवा वाळवंटांत तीन. दिवस संपतांना वाटेंत कोणी आडवें येतें कीं काय ह्यासाठीं आणखी एक फांसा. म्हणजे ह्या खेळांतला प्रवास जन्मापासूनच उसन्या पटावर चाललेला आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं तो अजूनही तसाच चालतो.

त्याचे हाल दोन रीतींनीं होतात. कित्येक सूत्रधार प्रवास गाळूनच टाकतात. “आठ दिवस चालून तुम्ही डोंगराच्या पायथ्याशीं पोंचलांत,” एवढें एक वाक्य उच्चारलें कीं झालें. दुसरे कित्येक अधिक कर्तव्यदक्ष असतात. ते प्रत्येक दिवसाचा फांसा टाकतात, आणि मग सोमवारीं लांडगे, मंगळवारीं दरोडेखोर, बुधवारीं पुन्हां लांडगे, असा क्रम लागतो. ह्या भेटींचा मागच्या गांवाशीं संबंध नाहीं, पुढच्या गांवाशीं नाहीं. तिसऱ्या झुंजीच्या वेळीं खेळगड्यांपैकीं एखादा मेजाखालीं हळूच फोन पाहूं लागतो. पहिल्या रीतींत निदान प्रामाणिकपणा तरी आहे. जें सांगण्याजोगें नाहीं तें सांगितलें जात नाहीं.

तथापि ह्या गाळण्यांत जें हरवतें तें थोडें नव्हे. अंतराला किंमत उरली नाहीं म्हणजे ठिकाणालाही किंमत उरत नाहीं. वेढ्यांत सांपडलेलें शहर मदतीची वाट पाहतें, दूरच्या राजाला बातमी उशिरां कळते, डोंगरापलीकडील लोक निराळी भाषा बोलतात. ह्या सर्व गोष्टी अंतरानें घडविलेल्या आहेत. अंतर काढून घेतलें कीं त्या कथेंतल्या शोभेच्या वस्तु होतात. आणि अंतराची जाणीव खेळाबाहेरही झपाट्यानें पुसली जात आहे. धुळ्याहून जळगांवला आज मोटार दोन तासांच्या आंत पोंचते. वाटेंत बोरी आणि गिरणा ह्या दोन नद्या ओलांडल्या जातात, परंतु मागच्या बांकावर बसलेल्या मुलाला त्या लागल्याचें बहुधा कळतही नाहीं. त्याच्या पणजोबाच्या बैलगाडीला त्यांतली प्रत्येक नदी हा एक स्वतंत्र प्रश्न होता: पाणी किती, उतार कोठें, पलीकडे मुक्कामाला गांव आहे कीं नाहीं. तो प्रश्न त्या मुलापुढें आतां कोठें उभा राहूं शकेल तर अशा एखाद्या खेळांतच.

सूत्रधारानें तो कसा उभा करावा ह्याचा एक उत्तम नमुना खानदेशांतच सांपडतो, आणि तो चारशें वर्षांपूर्वींचा आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीसाठीं निघाला होता. ३० ऑक्टोबर १६१५ रोजीं त्यानें सुरत सोडली आणि १४ नोव्हेंबर रोजीं तो बऱ्हाणपुरास पोंचला. मार्ग नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें, रावेर असा. म्हणजे आजचा खानदेश त्यानें पश्चिमेकडून पूर्वेकडे उभा चिरला. मजल दरमजल करीत सुमारें सव्वादोनशें मैलांची ही वाट त्याच्या रोजनिशींत नोंदलेली आहे, आणि बहुतेक नोंदी अगदीं कोरड्या आहेत: आज अमुक गांव, इतके कोस. फक्त चोपड्यापाशीं रो थांबतो आणि सविस्तर लिहितो.

८ नोव्हेंबरची संध्याकाळ. रोनें आपल्या नित्याच्या रिवाजाप्रमाणें गांवाबाहेर तंबू ठोकले होते. गांवांतले बादशाही अंमलदार त्याच्याकडे आले आणि म्हणाले, डोंगरांत दोनशें चोर आहेत, येथें बाहेर राहणें धोक्याचें आहे, गांवांत चलावें. रोनें नकार दिला. आपणांस भय वाटत नाहीं. चोर आलेच तर त्यांतले कांहीं सकाळीं येथें पडलेले दिसतील, असें त्यानें सांगितलें. अंमलदारांची अडचण निराळी होती. ह्या परक्या वकिलाला कांहीं झालें तर बादशहापुढें जबाब त्यांना द्यावा लागणार होता. तेव्हां त्यांनीं दुसरी मागणी केली: बाहेरच राहावयाचें असेल तर, आम्हीं सूचना दिली होती असें आपल्या हातचें लिहून द्यावें. रोनें तेंही केलें नाहीं. धोका एवढा असेल तर पहारा वाढवा, असें त्यानें उलट सुचविलें. अखेर गांवचा मुख्य अधिकारीच इतर अंमलदारांसह तीस घोडेस्वार आणि वीस बंदूकवाले घेऊन बाहेर आला आणि त्यानें रात्रभर जागून पहारा केला. सकाळीं रोनें पहारेकऱ्यांस बक्षीस दिलें, गोरगरिबांस कांहीं पैसे वांटले, आणि तो पुढें निघाला.

ह्या प्रसंगांत चोर आलेच नाहींत, एकही तलवार म्यानाबाहेर पडली नाहीं, आणि तरीही त्या पंधरा दिवसांतली हीच रात्र लक्षांत राहते. ह्याचें कारण शोधण्याजोगें आहे. धोका आधीं ऐकूं आला. तो अंगावर कोसळला नाहीं. त्यामुळें प्रवाशाच्या पुढें निवड उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक बाजूला किंमत होती. गांवांत जावें तर रात्र सुखाची. पण तळ हलवावा लागणार, आणि वकिलाच्या तोऱ्याला थोडा धक्काही बसणार. बाहेर राहावें तर मान राखला, पण कदाचित् जिवावर बेतेल. शिवाय समोरचे लोक केवळ निरोपे नव्हते. त्यांना त्यांची स्वतःची धास्ती होती, ती चिठ्ठी मागण्यांतून स्पष्ट दिसते, आणि त्या धास्तीमुळेंच रोच्या हट्टाला भाव आला. शेवटीं जें घडलें तें पहिल्या दोन्ही पर्यायांत नव्हतें. तें बोलण्यांतून निघालें. नवशिक्या सूत्रधाराच्या हातीं हा प्रसंग दिला तर तो म्हणेल, “मध्यरात्रीं दोनशें चोर येतात, फांसे टाका.” आणि चोपड्याची रात्र मंगळवारच्या दरोडेखोरांसारखी होऊन जाईल.

प्रवास संकटांनीं रंगत नाहीं, निवडीनें रंगतो. आणि निवड करण्यापुरतें, परंतु त्याहून अधिक नव्हे, इतकें ज्ञान प्रवाशांना असावें लागतें. सूत्रधाराची खरी कारागिरी हें प्रमाण राखण्यांत आहे. डावी वाट आणि उजवी वाट, दोन्हींविषयीं कांहींच ठाऊक नाहीं, अशी निवड म्हणजे निवडच नव्हे. ती नाणें उडविण्यासारखी आहे. उलट सर्वच ठाऊक असेल तर तो हिशेब होतो.

हें ज्ञान कोठून येतें? प्रथम जमिनीपासून. खानदेशचा नकाशा पुढें घेतला तर उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी दिसते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा ह्या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात. तेव्हां पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाराला ह्या उपनद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाराला फक्त एकच पण मोठी तापी. तापीचे कांठ पुष्कळ ठिकाणीं उंच मातीचे, घळींनीं चिरलेले. माणूस कसाबसा उतरेल, गाडी उतरणार नाहीं. म्हणून जेथें उतार आहे तेथें वाटा येऊन मिळतात, आणि जेथें वाटा मिळतात तेथें किल्ला उभा राहतो. थाळनेरचा किल्ला तापीच्या अगदीं कांठावर आहे तो उगाच नव्हे. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा ह्यानें चौदाव्या शतकांत तेथें ठाणें केलें, आणि त्या घराण्याच्या कबरी अजूनही त्या गांवांत आहेत. धुळ्याच्या दक्षिणेस लळिंग आणि उत्तरेस सोनगीर हे दोन किल्ले आग्ऱ्याच्या जुन्या वाटेवर नजर ठेवून बसले आहेत. सूत्रधारानें आपल्या कल्पित देशाचा नकाशा काढतांना किल्ला कोठें आहे ह्यापेक्षां तो तेथेंच कां आहे, हें आधीं ठरवावें. मग खेळगड्यांना कोणी न सांगतांही कळूं लागतें कीं डोंगरावर बुरूज दिसला म्हणजे खालीं वाट असणार. असा तर्क एकदां खरा ठरला कीं त्यांचें सर्व लक्ष नकाशाकडे लागतें. सध्यांच्या कित्येक छापील नकाशांत किल्ले, अरण्यें आणि ज्वालामुखी हे वाढदिवसाच्या केकवरील फुलांसारखे मांडलेले असतात. दिसावयास सुंदर, पण त्यांवरून कांहीं ताडतां येत नाहीं.

जमिनीच्या बरोबरीनें ऋतु. खानदेशची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळलेली, टणक. गाडी कोठूनही हांकावी. मृगाचे दोन पाऊस झाले कीं तीच माती चाकाला लाडवासारखी चिकटते आणि गाडी जागच्या जागीं बसते. वैशाखांत भुसावळ-जळगांवकडे उष्णता पंचेचाळीस अंशांवर जाते, ओहोळ आटतात, आणि शहाणा प्रवासी दुपारीं झाडाखालीं पडून रात्रीं चालतो. परंतु रात्रीं चालावें तर काळोखांत वाट चुकण्याचें आणि जनावराचें भय. म्हणजे ऋतूनें पुन्हां एक निवड दिली, आणि तीही सूत्रधाराला कांहीं राक्षस न जन्माला घालतां मिळाली.

तीच वाट दुसऱ्या वर्षीं निराळी असते, हें तर पुष्कळांच्या लक्षांतच येत नाहीं. रो गेल्यानंतर पंधरा वर्षांनीं, १६३० सालीं, पीटर मंडी नांवाचा दुसरा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गें आग्ऱ्यास निघाला. गुजराथ आणि दक्षिण ह्यांवर त्या वेळीं भयंकर दुष्काळ पडला होता. रो ज्या वाटेनें गेला त्याच वाटेवर मंडीला पडलेलीं प्रेतें आणि भुकेनें मरणारीं माणसें दिसलीं. नकाशांत एक रेघही बदललेली नव्हती. ज्या सूत्रधाराच्या खेळांत जातांना लागलेलें गांव परत येतांना जसेंच्या तसें असतें, तेथें लोक राहत नाहींत असें खुशाल समजावें.

लोकांविषयीं बोलतांना एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ह्या खेळांच्या जुन्या पुस्तकांतून रानांत राहणारी जमात म्हणजे तलवारीला मिळालेलें लक्ष्य, असा एक वाईट प्रघात पडला आहे. चोपड्याच्या अंमलदारांनींही डोंगरांतील माणसांना सरसकट चोरच म्हटलें होतें. डोंगरांतल्या माणसांचें त्यावर म्हणणें काय होतें तें रोच्या रोजनिशींत नाहीं. परंतु सातपुड्याच्या वाटा ठाऊक होत्या त्या तेथील भिल्ल आणि पावरा लोकांनाच. पाणी कोठें आहे, कोणती खिंड पावसांत बंद होते, वाघ कोणत्या नाळेंत उतरतो, हें ज्ञान त्यांचें. खानदेशांतील गांवोगांवचे जागले बहुधा भिल्लच असत, आणि १८२५ सालीं औट्रम ह्यानें धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली तेव्हां सरकारदप्तरीं ज्यांना लुटारू म्हटलें होतें त्यांच्याच हातीं वाटांची राखण दिली गेली. शहाणा सूत्रधार ह्यावरून असा बोध घेईल कीं डोंगरांतले लोक हे वाटेचे धनी आहेत. त्यांच्याशीं बोलावें लागेल, त्यांचें कांहीं देणें द्यावें लागेल, त्यांचा एखादा जुना राग समजून घ्यावा लागेल. वाटाड्या मिळविणें हाच एका दुपारचा खेळ होऊं शकतो, आणि तो झुंजीपेक्षां क्वचितच कमी रंगेल.

तशीच बातमी. तार आणि आगगाडी येण्यापूर्वीं बातमी माणसाबरोबर चाले, आणि म्हणून ती वाटेवरच भेटे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं आपल्या काकांबरोबर दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असें त्यांनीं ऐकलें होतें. महूच्या वाटेवर असतांनाच त्यांना बंडाची बातमी लागली, आणि तेथून पुढें त्यांचा प्रवास मुळीं त्यांचा राहिलाच नाहीं. ‘माझा प्रवास’ हें त्यांचें पुस्तक चिंतामणराव वैद्य ह्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या सूत्रधाराला प्रवास कसा वळतो तें शिकावयाचें असेल त्यानें परदेशी नियमपुस्तकाच्या आधीं तें वाचावें. दोघे ब्राह्मण यज्ञाला निघतात आणि युद्धांत सांपडतात. मागें फिरावें कीं पुढें जावें हा प्रश्न त्यांच्यापुढें पुनःपुन्हां येतो. येथें सर्व कलाटणी एका बातमीनें दिली आहे. धर्मशाळेंत, चावडीवर, नावेंत, वंजाऱ्यांच्या तांड्यावर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला काय सांगावयाचें आहे, आणि त्यांतलें खरें किती, हें सूत्रधारानें ठरवून ठेवलें कीं वाटेवर माणसें भेटण्याचें सार्थक होतें.

शिध्याचा हिशेब हा ह्या खेळांतला जुना तंटा आहे. एक पक्ष म्हणतो, पीठ, मीठ, दिवट्या, दोरखंड सर्व मोजलें पाहिजे. दुसरा म्हणतो, वाण्याची वही लिहावयाला कोणी जमलेलें नाहीं. दोघांचेंही थोडें थोडें खरें आहे. मोजावें, पण शेरांत न मोजतां मुक्कामांत मोजावें. “तुमच्यापाशीं चार मुक्कामांचा शिधा आहे आणि गांव पांच मुक्कामांवर आहे,” एवढें सांगितलें कीं वहीचें काम संपलें आणि प्रवासाचें सुरू झालें. अलीकडच्या कांहीं खेळकर्त्यांनीं ह्या दिशेनें चांगलें काम केलें आहे. २००७ सालच्या ‘र्युतामा’ ह्या जपानी खेळांत प्रवास हाच मुख्य विषय आहे. प्रकृति कशी आहे, चाल किती झाली, दिशा चुकली का, मुक्काम नीट पडला का, हें तेथें रोज पाहतात. २०११ सालच्या ‘द वन रिंग’ ह्या खेळांत प्रवासाला निघतांना कामें वांटून घेतात: एक वाटाड्या, एक पुढें जाऊन टेहळणी करणारा, एक शिकार आणणारा, एक पहारा ठेवणारा. ही वांटणी दिसते त्याहून शहाणपणाची आहे. तिच्यामुळें संकट ‘सर्वांवर’ न येतां एका नांवाच्या माणसावर येतें, आणि मेजावरचा जो मितभाषी गडी एरवीं कोपऱ्यांत राहतो त्याच्याकडे त्या दिवशीं सर्व जण पाहतात.

आणि नकाशा कोणी काढावा? बहुतेक ठिकाणीं तो सूत्रधार काढतो आणि मोठ्या अभिमानानें पहिल्याच दिवशीं मेजावर पसरतो. ह्या शतकाच्या आरंभीं बेन रॉबिन्स ह्या अमेरिकन खेळकर्त्यानें चालविलेल्या ‘वेस्ट मार्चेस’ नांवाच्या खेळांत उलट रीत होती. पुष्कळ खेळगडी, एकच सुरक्षित गांव, बाहेर अज्ञात मुलूख. कोणत्या दिवशीं कोणीं कोणीकडे जावयाचें हें खेळगड्यांनींच ठरवावयाचें, आणि परत आल्यावर सर्वांच्या सामाईक नकाशांत भर घालावयाची. नकाशा चुकूंही शकत होता. ज्यानें नदीचें वळण चुकीचें काढलें त्याच्या भरंवशावर दुसरी टोळी निघाली तर तिचे हाल झाले. अशा नकाशाची खेळगड्यांना जी माया वाटते ती छापील रंगीत नकाशाची कधींच वाटणार नाहीं.

जेथें सांगण्याजोगें कांहीं नाहीं तेथें मात्र सूत्रधारानें खुशाल दोन मजला एका वाक्यांत माराव्या. रोनेंही तेंच केलें. सर्व दिवस सारखे रंगविण्याचा आग्रह धरला कीं चोपड्याच्या रात्रीला जागाच उरत नाहीं.

आतां असें समजावें कीं जळगांवांतील एका घरांत चार कॉलेजांतील मुलें-मुली आणि त्यांतल्या एकीची मोठी बहीण सूत्रधार होऊन बसलीं आहेत. देश कल्पनेचा आहे, पण नद्या खानदेशच्या घेतल्या आहेत. सातपुड्यांतील एका पाड्यावर तापाची सांथ आहे, आणि धुळ्याहून औषध पोंचवावयाचें आहे. शिधा चार मुक्कामांचा. पहिली मजल सोनगीरपर्यंत. ती ताई एका वाक्यांत संपविते. सोनगीरच्या धर्मशाळेंत एक वंजारी भेटतो. तो मिठाचे बैल घेऊन उत्तरेकडून आला आहे, आणि पूर्वेकडे आकाश तीन दिवस काळें होतें एवढेंच बोलून झोपीं जातो.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मंडळी सावळद्यापाशीं तापीवर येतात. तर पलीकडच्या कांठाला आहे. हांका मारल्यावर नावाडी येतो, पण पाण्याकडे बोट दाखवितो. सकाळीं दगडाला लागलेलें पाणी आतां दगडावर चढलें आहे. आत्तां निघालें तर तो नेईल. परंतु बैल आणि माणसें एका खेपेंत मावणार नाहींत, आणि दुसरी खेप होईल असें तो वचन देत नाहीं. रात्र थांबावें तर पाणी उतरेल किंवा चार दिवस उतरणार नाहीं. त्याच्या बापाच्या वेळीं एकदां तसें झालें होतें. नदीच्या कांठानें वर पूर्वेकडे गेलें तर थाळनेरला उतार आहे, पण तेथें ठाणेदार माल उघडून पाहतो, आणि मंडळींपैकीं एकाचें त्या ठाणेदाराशीं जुनें वैर आहे.

ताई एवढें सांगून थांबते. फांसे मेजावर तसेच पडलेले असतात. औषधाची पेटी कोणाच्या पाठीवर आहे, असें एक मुलगा विचारतो. दुसरी मुलगी वंजारी काय बोलला तें आठवून पाहते आणि म्हणते, पूर्वेकडे तीन दिवस, म्हणजे पाणी अजून यावयाचें आहे. ज्याचें ठाणेदाराशीं वैर आहे तो कांहीं न बोलतां कागदावरील नदीच्या रेघेवरून बोट हळूहळू उजवीकडे सरकवूं लागतो.